ओटीतले पाच आंबे

तार आली तेव्हा मी मागल्या पडवीत बसून वालाचं बिरडं सोलत होते. पोस्टमन कुंपणाशी उभा राहून "बाई, मुंबईची आहे" एवढंच म्हणाला आणि नेहमीसारखं पाणी न मागता निघून गेला, तेव्हाच समजायला हवं होतं. माधव गेला होता. माझा धाकटा चुलतभाऊ, वय अवघं चव्वेचाळीस. सकाळी प्रयोगशाळेत जायचं म्हणून बूट घालायला वाकला तो उठलाच नाही, असं नंतर विमलने, त्याच्या बायकोने, सांगितलं. हृदयाचं दुखणं. डॉक्टरांनी तसं लिहूनही दिलं होतं. पण आमच्या गावाला डॉक्टरांच्या कागदाशी काय कर्तव्य! तार येऊन तास झाला नसेल, तोवर कुंपणापाशी बायका जमल्या आणि त्यांचं पहिलंच वाक्य माझ्या कानावर आलं, "अणूनंच खाल्लं गो त्याला. माश्यांचा तळतळाट, दुसरं काय!" हातातलं बिरडं पातेल्यात तसंच टाकून मी आत गेले. मला रडू यायला हवं होतं. आली ती शिसारी.

चौदाव्या दिवशी गावच्या वाचनालयात शोकसभा झाली. माधवचा कॉलेजातला फोटो कुणीतरी शोधून काढला होता, त्याला झेंडूचा हार घातला होता आणि अध्यक्ष होते अप्पा. अप्पा म्हणजे आमच्या रस्त्याकडेच्या वाड्यांमधले सर्वांत मोठे वाडीवाले. ते खोकले तरी उरलेल्यांना पडसं होतं. तीन वर्षांपूर्वी ह्याच अप्पांनी "माधवाचा अणू आळीपुढं हरला" असं म्हणत गावभर टाळ्या पिटल्या होत्या. त्या दिवशी मात्र उपरण्याने डोळे टिपत "आपल्या मातीतला थोर शास्त्रज्ञ" वगैरे चाललं होतं. माणूस मेला की आपल्याकडे त्याला थोर करण्याची केवढी घाई असते! जिवंतपणी कुणी त्याला एक वाडी दिली नाही. सभा संपल्यावर अप्पा माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "बाई, तुमी शाळेत शिकवता, तुमचा भाऊस व्हता तो. चार शब्द पेपरात लिवा. गावाचं नाव व्हईल." म्हणून लिहिते आहे, गावाच्या नावासाठी मात्र नव्हे. मला या सगळ्या प्रकाराची किळस आली आहे आणि सगळ्यात जास्त जिची आली आहे, त्या बाईचं नाव या लेखाखाली छापलेलं असेल.

आमचं गाव काशीद आणि मुरूडच्या मधलं. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला डोंगर आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत रस्त्याला चिकटून एकीला लागून एक अशा वाड्या. नारळ, सुपारी आणि कडेकडेने आंबा. माझं माहेर आणि सासर याच गावाच्या दोन टोकांना. माधव माझ्याहून पाच वर्षांनी लहान, माहेरच्या घरात माझ्यासमोर वाढलेला. तो मला अक्का म्हणायचा. स्वराज्य यायला दोन-तीन महिने राहिले होते, त्या उन्हाळ्यातली गोष्ट. तो मुंबईला बी.एस्सी.ला होता आणि सुट्टीत आला म्हणून माझ्या सासरी त्याला जेवायला बोलावलं होतं. पंगतीला आमच्याच वाडीतले पायरी आंबे होते. मी माजघरात बसून एक चोखत होते... आणि जिभेवर काहीतरी वळवळलं. आधी वाटलं रेषा असेल. मग ते पुन्हा वळवळलं. मी तोंडातलं सगळं ताटात टाकलं. रसात दोन पांढऱ्या अळ्या, एक अर्धी आणि एक सबंध. सबंध होती तिने अंगाची कमान केली आणि टुणकन उडी मारून ती मिठावर जाऊन पडली. माझे सासरे बाहेरून ओरडले, "अन्न काय टाकतेस? आंब्यातली अळी म्हणजे आंबाच. त्याच्यावरच पोसलेली, त्याच्याइतकीच गोड." हे वाक्य आमच्याकडे घरोघर चालायचं. दर उन्हाळ्यात निम्मा आंबा असा आतून सडायचा आणि लोक डोळे मिटून, अळीला आंबा म्हणून, गिळायचे. त्यानंतर आजतागायत मी चोखून आंबा खाल्लेला नाही.

माधव पंगतीतून उठून आत आला. मला वाटलं पाणी द्यायला आला असेल. त्याने माझ्या ताटातली ती अळी केळीच्या पानाच्या तुकड्यावर उचलली, काड्यापेटीत वाळू भरून तिच्यात ठेवली आणि पेटी खिशात टाकून पुन्हा पंगतीला जाऊन बसला. खिशात अळी आणि पुढ्यात भात! सगळ्यांनी नाकं मुरडली, मी सगळ्यांत जास्त. दहा-बारा दिवसांनी तो पुन्हा आला तो एक बरणी घेऊन. तिच्या तोंडाला फडकं बांधलं होतं आणि आत पिवळसर अंगाची, काचेसारख्या पंखांची, गांधीलमाशीच्या धाकट्या बहिणीसारखी एक माशी फिरत होती. "बघ अक्का, ही तुझ्या तोंडात होती," तो इतक्या आनंदाने म्हणाला, की जसा काही माझा हरवलेला दागिना शोधून आणला होता. मी त्याला बरणीसकट अंगणात काढलं. तो पायरीवर बसून हसत राहिला आणि म्हणाला, "चिडू नकोस. हिला मी एक दिवस अशी घालवीन, की तुला डोळे मिटून आंबा खाता येईल."

मग तो एम.एस्सी. झाला, तेही किडे-माश्यांवर. पुढे मुंबईजवळच्या सरकारी अणुशक्तीच्या प्रयोगशाळेत लागला. लग्न झालं, विमल आली. दर मे महिन्यात दोघं गावी यायची. त्या काळात गावोगाव पांढऱ्या पावडरीचे फवारे आले होते. अप्पांनी सगळ्यांच्या आधी पंप आणला आणि ते स्वतः कौतुकाने वाडीत फिरत फवारायचे. माश्या मरत, मधमाश्याही मरत, आणि पुढच्या हंगामाला फळमाशी तेवढी परत येई. फवारणी झाली की चार दिवस घशात कडू चव राहायची. माधव सांगून थकला. अप्पांचं उत्तर ठरलेलं, "वास येतो म्हंजी औषध लागू हाय."

किरणांचं प्रकरण त्याने मला प्रथम सांगितलं ते माझ्या स्वयंपाकघरात, पाटावर बसून. परदेशात गुरांच्या जखमेत अंडी घालणाऱ्या एका माशीवर तो उपाय चालला होता. प्रयोगशाळेत माश्या वाढवायच्या, त्या कोशात असताना त्यांना मोजून किरणं द्यायची आणि मग हजारांनी वाडीत सोडायच्या. "त्या उडतात, खातात, जोडीदार शोधतात, सगळं करतात. पण अंडी फुटत नाहीत. रानातल्या मादीला असा रिकामा नर मिळाला की तिची पिढी तिथेच संपली." भावाने बहिणीशी बोलायच्या गोष्टी का या! मी पातेल्यात डाव उगाच जोरात फिरवत राहिले. मग विचारलं, "आणि ती किरणं आंब्यात उतरली तर?" तो म्हणाला, "अगो, छातीचा फोटो काढून आलेला माणूस अंधारात दिव्यासारखा पेटतो का? किरणं गेली, संपली. माशीत काही राहत नाही, मग आंब्यात कुठून येणार?" मला पटलं. निदान तेव्हा पटलं असं वाटलं. मी शाळेत मुलांना ग्रहणात गरोदर बाईने भाजी चिरली तरी काही होत नाही असं शिकवत होते, मला न पटायला काय झालं होतं!

पहिला प्रयोग त्याने आपल्या वडिलांच्या वाडीत केला. ती वाडी गावापासून सुटी, खाडीच्या तोंडाशी. दोन बाजूंना पाणी आणि मागे उघडा कातळ, त्यामुळे बाहेरची माशी यायला वाट अवघड. कोशांचे डबे तो स्वतः घेऊन यायचा. भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला, तिथून एस.टी., मग रेवदंड्याच्या खाडीत साळावला नेणारी तरीची होडी, मग पुन्हा एस.टी.; आणि सगळी वाट मांडीवर ओल्या फडक्यात गुंडाळलेला डबा. एकदा कंडक्टरने विचारलं, "खव्याचं हाय काय?" माधव खोटं बोलू शकत नसे. "माश्या आहेत," म्हणाला. त्याला आख्खं मागलं बाक मोकळं करून मिळालं. सोडलेली माशी कुठली आणि रानातली कुठली हे पुढे ओळखू यावं म्हणून कोशांना गुलाबी पूड चोळलेली असायची. एका सकाळी आमच्याकडे झाडलोट करणारी पार्वती धावत आली, "बाय, देवलाच्या भितीवर माशी बसलीय ती गुलाबी हाय! माशीस बी कुकू लावलं काय तुमच्या भावान?"

इथवर गंमत होती. पण त्या दोन महिन्यांत माधव जे करायचा ते बघवत नसे. झाडाखाली पडलेला एकएक सडका आंबा तो बादलीत गोळा करायचा, पाटावर मांडून चिरायचा आणि चिमट्याने अळ्या मोजून रजिस्टरात लिहायचा. नंतर इंग्रजीत अहवाल करायचा असे, पण वाडीतल्या नोंदी मराठीत. उन्हाने आंबलेल्या त्या लगद्याचा वास त्याच्या सदऱ्याला असायचा. दुपारी तो माझ्याकडे जेवायला यायचा. तीन-तीनदा साबणाने हात धुवायचा, तरी मला तो वास यायचा. त्याचं ताट मी वेगळं, राखेने दोनदा घासायला लावत असे. त्याला हे ठाऊक नव्हतं असं मी इतकी वर्षं समजत होते.

मग कुजबूज सुरू झाली. कुणी सुरू केली देव जाणे. माझ्या कानावर पार्वतीने घातली, तीही तुळशीपाशी, आजूबाजूला बघत. "बाय, त्या माश्यांस खशी केलंय म्हनं. त्या बसल्या तो आंबा बाईमानसान खाल्ला तर कूस मिटते. इमलबायस पोर न्हाय ते उगाच न्हाय." मी तिला फाडफाड बोलले. विमलच्या लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं, हे खरं. किरणांचं काम माधवने सुरू केलं त्याच्याही कितीतरी आधीपासून नव्हतं, हेही खरं. पण गावाला गोष्ट जुळवायची असली की साल कोण बघतो! विमल पाणवठ्यावर गेली की बायका गप्प व्हायच्या. एकीने तर आपल्या सुनेच्या डोक्यावरचा पदर पुढे ओढला, जशी काही विमलची नजरच लागणार होती. विमल कळशी भरून घेऊन यायची. हे मी उभी राहून पाहिलं आहे. ओकारी यावी असं ते होतं.

आणि इकडे वाडीतला आंबा दर आठवड्याला स्वच्छ निघत होता! माधवने मला मुद्दाम बोलावून दाखवलं. टोपलीमागून टोपली कापली तरी अळीचा आंबा शोधावा लागत होता. अगदी नाहीसा झाला असं तो म्हणाला नाही. तसं म्हणणाऱ्यांतला तो नव्हता. पण त्याचे डोळे चमकत होते. त्याच्यापुढे आता एकच अडचण होती. माशीला कुंपण नसतं. एका सुट्या वाडीत जमलं ते खरं करून दाखवायचं, तर पुढच्या हंगामाला रस्त्याकडेच्या सातही वाड्या एकदम हव्यात आणि त्या हंगामात कुणी पावडर मारता कामा नये, नाहीतर सोडलेल्या माश्याच आधी मरायच्या. प्रयोगशाळेतल्या साहेबांनी बजावलं होतं, पावसाळ्याआधी सात जणांच्या लेखी संमत्या आण, मोठा प्रयोग देतो. नाही आणल्यास तर हे काम बंद, दुसरं घे. सात जण म्हणजे खरं तर एकटे अप्पा. अप्पांनी सही केली की उरलेल्यांचे अंगठे आपोआप उठणार होते. आणि अप्पा म्हणत होते, "डोल्यांनी बगीन, मंग सई करीन."

नेमकं त्याच दिवसांत माझ्या कुंदाचं, माझ्या एकुलत्या एका मुलीचं, डोहाळजेवण होतं. सातवा महिना लागला होता. त्याआधी तिचे दोन वेळा दिवस जाऊन तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच सगळं आटपलं होतं, त्यामुळे आम्ही सगळी जीव मुठीत धरून होतो. माधवला कल्पना सुचली. "अक्का, गाव तुझ्याकडे जेवायला येणारच आहे. पंगतीला आंबा माझ्या वाडीतला ठेवू. अप्पांनी स्वतः हाताने कापावा. आणि कुंदाच्या ओटीतली पाच फळंही माझ्याकडची, मामाची." मी हो म्हटलं. आदल्या दिवशी तो टोपली ठेवून गेला. हापूस, देठाशी बोटभर काडी राखून झेल्याने, काठीच्या जाळीने, उतरवलेले, एकालाही चिकाचा डाग नाही. माजघर वासाने भरून गेलं होतं.

त्या टोपलीसमोर मी बराच वेळ बसले. मी स्वतःशीच भांडत होते... किरणं राहत नाहीत, माधवने सांगितलंय. पार्वती अडाणी आहे. पण माधवला मूल नाही. पण त्याचा याच्याशी काही संबंध नाही. पण कुंदाचं दोनदा गेलंय. असं करत करत मी उठले, खण आणायचा राहिला असं घरात सांगितलं, एस.टी. पकडली आणि मुरूडच्या बाजारात जाऊन एका विकणारीकडून पाच हापूस घेतले. "आळी न्हाय ना ग?" मी विचारलं. ती फणकारली, "माज्या आंब्यात आळी? साकर हाय बाय, साकर!" ते पाच मी पिशवीत खणाखाली ठेवून आणले. माधवचे पाच काढले, बाजारातले ओटीच्या ताटात मांडले. त्याचे परत टोपलीत टाकले. टोपली पंगतीला जाणारच होती. दुसऱ्यांच्या लेकी-सुनांनी खाल्ले तर चालणार होते, फक्त माझ्या लेकीने नको! हे मी तेव्हा एवढ्या स्पष्ट शब्दांत मनात म्हटलं नाही. पण केलं ते हेच.

दुसऱ्या दिवशी घर भरलं. फुलांची वाडी भरलेली कुंदा पाटावर बसली होती, बायका एकेक करून ओटी भरत होत्या. विमलला मी मागे पुऱ्या लाटायला बसवलं होतं. मूल नसलेल्या बाईने ओटी भरायची नाही, अशी पद्धत. ती मोडायची माझी छाती नव्हती. मोडावी असं वाटलंही नाही. पुऱ्यांचं पीठ तीन बायकांनी लाटावं एवढं तिच्यापुढे ठेवलं म्हणजे तिला उठावंच लागणार नाही, इतका हिशेब मी केला होता.

ओटी भरून झाली. पुरुष बाहेर पडवीत जेवायला बसायच्या बेतात होते. माधवने टोपली आणून अप्पांपुढे ठेवली, सुरी दिली. "अप्पा, हवे तेवढे कापा. टोपली रिकामी करा. शंभरात एखादा किडका निघेलही, तो मोजा. पण सगळे कापून मग बोला." अप्पांनी टोपलीकडे पाहिलंसुद्धा नाही. माणूस धूर्त. "शंभर कश्यास रं माधवा? टोपलीतलं तू निवडून आनलं असशील. मला तो ओटीतला दे. पोटुशा पोरीच्या ओटीत घरची बाय संशयाचं फळ घालनार न्हाय. तो चांगला तर तुजा समदा चांगला." लोकांनी माना डोलावल्या. माधवचा चेहरा उजळला. त्याला वाटलं, याहून सोपी परीक्षा कुठली! तो आत आला, कुंदाच्या पुढ्यातलं ताट उचललं आणि मला म्हणाला, "नेतो गो अक्का." मी दारात उभी होते. हात पुढे करून अडवता आलं असतं. ताट माझ्या समोरून गेलं.

अप्पांनी पहिला आंबा कापला. कोयीभोवती तपकिरी, पाणी सुटलेला लगदा आणि त्यात पांढऱ्या अळ्या... एक उडी मारून अप्पांच्या धोतरावर पडली. कुणीतरी खदखदून हसलं. अप्पांनी दुसरा कापला. त्यातही तेच. आंबूस वास थेट माजघरापर्यंत आला. माधवने ती फोड हातात घेतली, उलटीपालटी केली, न कापलेले तीन उचलून देठाकडून पाहिले. मग त्याने मान वर करून दाराकडे, माझ्याकडे, पाहिलं. फार वेळ नाही. मग अप्पांकडे वळून तो म्हणाला, "हो. अळी आहे." एवढंच. अप्पांनी सुरी टोपलीवर टाकली आणि धोतर झटकत म्हणाले, "आटपलं. माधवाचा अणू आळीपुढं हरला!" मग केवढा हशा! टोपलीतल्या आंब्याला एकानेही हात लावला नाही. लोक श्रीखंड खाऊन, विडे घेऊन गेले. माझ्याकडे एकच वाक्य होतं: ते आंबे माधवचे नव्हेत, मी मुरूडहून आणले. पंगतीत चार वेळा पुऱ्या फिरवल्या मी, चारही वेळा ते ओठाशी आलं आणि चारही वेळा "अजून घ्या" एवढंच बोलले. टोपली मी पार्वतीला देऊन टाकली. तिने सगळे आंबे कापून म्हशीला घातले आणि दुसऱ्या दिवशी सहज सांगितलं, "बाय, येकात बी आळी न्हवती."

एकही सही मिळाली नाही. पावसाळ्याआधी प्रयोग बंद झाला, माश्या सोडायचे जाळीचे पिंजरे खाडीकाठच्या वाडीत पडून गंजले, माधवला धान्याच्या किड्यांचं काम मिळालं. अप्पांनी नवा, मोठा पंप आणला. आणि कुंदाला मुलगी झाली, सुखरूप, गुटगुटीत. बाळाला मांडीवर घेतलं तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की बरं झालं बदलले. हा विचार मी कुणाला सांगितला नव्हता. आज लिहिताना सुद्धा हाताला घाण लागल्यासारखं होतंय.

गेल्या आठवड्यात विमलकडे मुंबईला गेले होते. सरकारी घर सोडायचं म्हणून ती त्याचं टेबल आवरत होती. हा लेख लिहायचा आहे म्हणून सांगितलं, तशी तिने खणातून ते मराठी नोंदींचं रजिस्टर काढलं, एक पान उघडलं आणि माझ्यापुढे सरकवलं. माधवचं बारीक अक्षर. "अक्काकडची ओटी. आंबे पाच. कापले दोन, दोन्हींत अळी. देठाला काडी नाही, चिकाचे डाग. आपल्या वाडीतले नव्हेत. मोजणीत धरले नाहीत." मी ते तीनदा वाचलं. विमल म्हणाली, "परत येताना लाँचमध्ये मी विचारलं त्यांना, तिथल्या तिथे बोलला का नाहीत? म्हणाले, बोललो असतो तर सातही वाड्या मिळाल्या असत्या. पण कुंदा पाटावर बसली होती. आपली आई एवढी घाबरली आहे हे त्या पोरीला त्या दिवशी कळायला नको होतं." मी तिचा हात धरायला गेले. तिने तो सोडवून घेतला, चिडून नव्हे, टेबलावरची दौत उचलायला. "त्यांनी तुम्हाला माफ केलं होतं, अक्का. मी नाही केलेलं. त्या पुऱ्यांसकट नाही केलेलं. पेपरात लिहिताय तर हेही लिहा." लिहिलं आहे. आणि अप्पा, तुम्हीही वाचालच: ते आंबे माझे होते. माधवचे तुमच्यासमोर टोपलीत पडून होते, तुम्ही बघितले नाहीत.

त्या नोंदीच्या खाली, दोन ओळी सोडून, शिसपेन्सिलीने त्याने आणखी लिहिलं होतं: "पुढल्या वेळी आधी अक्काला पटवायचं. माशी नंतर."

त्या डोहाळजेवणानंतर तीन दिवाळ्या आल्या. तिन्ही भाऊबिजांना तो एवढा प्रवास करून माझ्याकडे आला. ओवाळून झालं, निरांजन विझलं, की म्हणायचा, "अक्का, जरा बस गो. त्या आंब्यांचं तुझ्याशी बोलायचंय." तिन्ही वेळा मी "आलेच, दूध उतू जाईल" म्हणून आत निघून गेले. चुलीवर दूध नसायचं.